जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना उद्योजकता शिकवायची, ती कशी?

पत्र: मी सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात जैवतंत्रज्ञान शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आमच्याकडे एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला उद्योजकता कौशल्यांचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम सुरू होत असून तो शिकवण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. मी स्वतः कधी व्यवसाय केलेला नाही, त्यामुळे हा विषय शिकवण्याचा मला अधिकार आहे का, अशी शंका सतत मनात येते. बिझनेस प्लॅनची स्पर्धा घ्या म्हणजे झाले, असे सहकारी सुचवतात. याशिवाय माझ्या एका विद्यार्थिनीने द्राक्षबागेच्या मातीतून बॅसिलस गटातला एक जिवाणू वेगळा केला आहे. तो स्फुरद विरघळवतो आणि प्लेटवर मूळकूज करणाऱ्या बुरशीलाही रोखतो. त्याचे द्रवरूप मिश्रणही तिने तयार केले आहे आणि पुढच्या महिन्यात एका परिषदेत ती त्याचे पोस्टर लावणार आहे. तिला कंपनी काढायची आहे; तिने पुण्यात नोकरी धरावी, असे वडिलांना वाटते. मी तिला काय सांगावे?

उत्तर: आदरणीय प्राध्यापिका मॅडम, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील पोस्टरचा उल्लेख वाचून सर्वांत आधी त्याविषयीच लिहितो, कारण बाकीच्या गोष्टींना थोडा उशीर झाला तरी चालेल, याला चालणार नाही. पेटंटसाठी अर्ज करण्यापूर्वी शोधाचा तपशील जाहीर झाला, तर त्याचे नावीन्य संपले असे कायदा मानतो, आणि परिषदेतील पोस्टर हे जाहीर करणेच आहे. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधासाठी बारा महिन्यांची एक मर्यादित सवलत आहे. परंतु युरोपात ती चालत नाही, आणि आपले पोस्टर तिच्यात बसते की नाही, याचा वाद पुढे घालत बसण्यापेक्षा आधी अर्ज केलेला केव्हाही बरा. तात्पुरत्या तपशिलासह केलेला अर्ज, ज्याला सगळे प्रोव्हिजनल म्हणतात, व्यक्ती किंवा शैक्षणिक संस्थेने ऑनलाइन भरल्यास त्याचे सरकारी शुल्क सध्या १,६०० रुपये आहे. त्यानंतर संपूर्ण तपशील देण्यासाठी बारा महिने मिळतात. पेटंट एजंटचे मानधन वेगळे पडेल, तरी ही रक्कम महाविद्यालयाला जड जाऊ नये. अर्ज होईपर्यंत मिश्रणातील घटक, त्यांचे प्रमाण आणि जिवाणूची नेमकी ओळख यांपैकी काहीही पोस्टरवर येऊ देऊ नका. अर्ज वेळेत होत नसेल, तर पोस्टर पुढच्या परिषदेत लावावे.

त्याच वेळी त्या मुलीला हेही सांगायला हवे की मातीतून जसाच्या तसा वेगळा केलेला जिवाणू भारतात पेटंटयोग्य ठरत नाही. निसर्गात आढळणाऱ्या सजीव वस्तूचा केवळ शोध लागणे, हे पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये वगळलेले आहे. नुसत्या घटकांची सरमिसळही वगळलेली आहे आणि शेतीची पद्धतही. मग उरते काय? तिच्या मिश्रणात जिवाणू इतरांपेक्षा लक्षणीय जास्त काळ जिवंत राहत असतील, किंवा घटक एकत्र आल्याने त्यांच्या स्वतंत्र परिणामांच्या बेरजेहून मोठा परिणाम मिळत असेल आणि तो आकड्यांनी दाखवता येत असेल, तर तेवढ्या भागावर दावा करता येऊ शकतो. जिवाणू मान्यताप्राप्त संग्रहात ठेवावा लागेल. त्यासाठी फार लांब जायला नको, कारण पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करण्याविषयीच्या बुडापेस्ट करारानुसार मान्यता असलेला सूक्ष्मजीवसंग्रह पुण्यातच आहे. जिवाणू भारतीय मातीतला असल्याने जैवविविधता कायदाही लागू होतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे काय व केव्हा नोंदवायचे, हे एजंटला पहिल्याच भेटीत विचारावे. शोधाची मालकी विद्यार्थिनीची, आपली, महाविद्यालयाची की अनुदान देणाऱ्या संस्थेची, हेही याच आठवड्यात लेखी ठरवून घ्या. आज सगळेच एकमेकांशी आपुलकीने वागत आहेत, म्हणून हा प्रश्न आजच सोपा आहे.

आता आपल्या शंकेकडे वळतो. व्यवसाय न केलेल्या व्यक्तीने उद्योजकता शिकवावी का? यशस्वी कसे व्हावे, याचे प्रवचन द्यायचे असेल, तर शिकवू नये. पण तरुण शास्त्रज्ञाला ज्याची खरी उणीव असते, ते शिकवायला आपण पूर्ण पात्र आहात. आपला विद्यार्थी गृहीतक मांडतो, कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) ठेवतो, प्रयोग तीनदा करतो आणि निकाल विरुद्ध गेला तर गृहीतक सोडतो. हीच शिस्त त्याने प्रयोगशाळेच्या बाहेरही पाळावी, एवढेच त्याला शिकवायचे आहे. ‘शेतकऱ्याला हे हवे आहे’, ‘पॅथॉलॉजी लॅब हे विकत घेईल’, ही विधाने तो सिद्ध झाल्याच्या थाटात लिहितो. तीही गृहीतकेच आहेत आणि ती तपासण्याची जागा कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर किंवा लॅबच्या फ्रीजपाशी आहे. माझ्या मते दोन क्रेडिटमध्ये एवढे एक कौशल्य आले, तरी अभ्यासक्रम सार्थकी लागला. आणि ते आले नाही, तर बाकी सगळे शिकवूनही फारसे हाती लागणार नाही.

म्हणूनच बिझनेस प्लॅनच्या स्पर्धेबद्दल माझे मत सहकाऱ्यांपेक्षा वेगळे आहे. स्पर्धा वाईट असते असे नाही. ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकाराने १९९५ पासून तरुण जैवशास्त्रज्ञांसाठी अशी एक स्पर्धा चालते. तीत संशोधक विद्यार्थ्यांचे गट काल्पनिक पण शक्य कोटीतल्या उत्पादनाभोवती कंपनी उभी करतात, एकेकाने एकेक जबाबदारी घेतात आणि परीक्षकांपुढे गुंतवणूक मागतात. पण तिथे तयारीच्या काळात पेटंट वकील, अर्थतज्ज्ञ आणि उद्योगातील माणसे गटांशी बसून बोलतात, आकडेही खऱ्या बाजाराचे घ्यावे लागतात. ही माणसे आणि हे आकडे काढून घेतले, की उरतात वीस स्लाइड आणि जगभरातल्या बाजारपेठेचा इंटरनेटवरून उचललेला एक प्रचंड आकडा. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ मध्ये सुरू केलेल्या आय-कोअर कार्यक्रमाची दिशा मला अधिक योग्य वाटते. तिथे संशोधकांच्या गटाला काही आठवड्यांत शंभरच्या आसपास संभाव्य ग्राहकांना प्रत्यक्ष भेटावे लागते आणि दर आठवड्याला आपली कोणती समजूत खोटी ठरली, ते सांगावे लागते. आपल्याकडे शंभर नकोत, प्रत्येक विद्यार्थ्याने दहा माणसांना नीट भेटले तरी पुष्कळ झाले.

या भेटींत काय दिसते, याचे एक उदाहरण देतो. तालुक्याच्या गावातील एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये विद्यार्थ्यांना पाठवा आणि तेथील तंत्रज्ञाला एलायझा किटबद्दल, म्हणजे रक्तासारख्या नमुन्यातून आजार ओळखणाऱ्या चाचणीच्या संचाबद्दल, विचारायला सांगा. किटमध्ये ९६ खळग्यांची प्लेट असते. त्या आजारासाठी लॅबकडे दिवसाला तीन-चार नमुने येतात. प्रत्येक वेळी प्लेट चालवताना कंट्रोलसाठी काही खळगे खर्ची पडतात, म्हणून तंत्रज्ञ नमुने साठू देतो. रुग्ण दोन दिवसांनी फोन करून रिपोर्ट मागतो, आणि इतके करूनही किट संपण्याआधी त्याची मुदत संपते. हे पाहिल्यावर विद्यार्थ्याला कळते की अधिक संवेदनशील, म्हणजे आजार कमी वेळा निसटू देणारे, किट ही या लॅबची अडचणच नव्हती. तिला एका वेळी एक नमुना तपासता येईल, फ्रीजबाहेर टिकेल आणि वाया जाणार नाही, असे काहीतरी हवे आहे. पंचाण्णव टक्क्यांवरची संवेदनशीलता अठ्ठ्याण्णववर नेण्यासाठी जो विद्यार्थी वर्षभर राबणार होता, त्याची दिशा एका दुपारच्या भेटीत बदलू शकते.

आपल्या भागात तर शेतीची बाजू हाताशी आहे. विद्यार्थ्यांना तासगाव-पलूसकडच्या बागायतदारांकडे पाठवा, पण ऑक्टोबर छाटणीच्या धामधुमीत पाठवू नका. तेव्हा कोणाला बोलायला वेळ नसतो. ‘जिवाणू खत घ्याल का?’ असा प्रश्न मुळीच विचारू देऊ नका. आपल्याकडची माणसे भिडस्त आहेत, दारात आलेल्या मुलांना ते ‘घेऊ की’ म्हणतील आणि मुले तो होकार तक्त्यात भरतील. गेल्या हंगामात मूळकुजीसाठी काय वापरले, कोणाच्या सांगण्यावरून वापरले, किती पैसे गेले आणि ते रोख दिले की उधारीवर, असे घडून गेलेल्या गोष्टींचे प्रश्न विचारायचे. मग कळते की बरेच जण ड्रिपमधून सोडता येईल तेच घेतात, टाल्कमधली पावडर ड्रिपर तुंबवते म्हणून नको म्हणतात, आणि निवड बहुतेक वेळा दुकानदाराच्या शब्दावर होते, कारण हंगामभराची उधारीही तोच देतो. त्यानंतर दुकानात जाऊन फळीवरच्या जैविक बाटल्यांच्या तारखा पाहायला सांगा आणि एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखालचे तापमान मोजायला सांगा. आपल्या विद्यार्थिनीच्या मिश्रणाची खरी परीक्षा त्या फळीवर व्हायची आहे. चार अंश सेल्सियसला सहा महिने टिकलेले कल्चर (वाढवलेले जिवाणू) चाळीस अंशांना किती टिकते, याचा आलेख तिच्याकडे नसेल, तर तिचा पुढचा प्रयोग तोच असावा.

कायदे आणि परवान्यांचा भाग कंटाळवाणा समजून शेवटच्या तासात उरकला जातो. जैवतंत्रज्ञानात मात्र उत्पादनाचे स्वरूपच परवान्यावरून ठरते, म्हणून तो सुरुवातीलाच घ्या, आणि शिकवायला आपल्याच विद्यार्थिनीचा जिवाणू घ्या. लेबलवर ‘स्फुरद विरघळवतो’ असे लिहिले, तर तो १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली येतो. जैविक खतांचा त्यात २००६ मध्ये समावेश झाला आणि जिवंत पेशींची किमान संख्या तिथे ठरवून दिलेली आहे; पावडरीत दर ग्रॅमला पाच कोटी, द्रवरूपात दर मिलिलिटरला दहा कोटी. त्याच बाटलीवर ‘मूळकूज रोखतो’ असे लिहिले, की तो १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील जैविक कीडनाशक होतो आणि केंद्रीय नोंदणी समितीपुढे परिणामकारकतेची व विषारीपणाची माहिती ठेवावी लागते. जिवाणू तोच, बाटली तीच, आणि लेबलवरच्या एका ओळीमुळे वेळ, खर्च व भांडवल यांचे गणित पूर्ण बदलते. विद्यार्थ्यांना दोन्ही वाटा कागदावर मांडायला लावा आणि कोणती घ्याल, ते कारणांसह विचारा. तिच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासायला हवी: बॅसिलस गटात ‘बॅसिलस सिरियस’सारखे माणसाला अपाय करणारे नातलग आहेत आणि केवळ १६-एस या जनुकाच्या क्रमावरून ते नेहमी वेगळे ओळखता येत नाहीत. प्रजातीची पक्की ओळख झाल्याशिवाय कोणाच्याही बागेत ते कल्चर सोडू नका. ही विनंती मी आग्रहाने करत आहे.

निदानाच्या किटकडे वळणाऱ्या गटाला २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम वाचायला द्या. धोक्यानुसार अ, ब, क, ड असे चार वर्ग त्यात आहेत. पहिल्या दोहोंचा उत्पादन परवाना राज्याच्या एफडीएकडून आणि पुढच्या दोहोंचा केंद्राकडून मिळतो. आपले किट कोणत्या वर्गात पडेल, एवढे जरी त्यांनी स्वतः शोधले, तरी पुष्कळ शिकतील.

खर्चाच्या हिशेबाला मी दोन पूर्ण सत्रे देईन. विद्यार्थ्याला एक लिटर कल्चरचा खर्च विचारला की तो माध्यमातील रसायनांची बेरीज करून सांगतो. त्याच्याकडून पुढची यादी करून घ्या: ऑटोक्लेव्हची (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची) वीज, बाटली, झाकण, लेबल, वाहतूक, दुकानदाराचे कमिशन, उधारीत अडकलेला पैसा, मुदत संपून परत आलेला माल, आणि दूषित झाल्यामुळे ओतून द्यावी लागलेली बॅच. ही शेवटची नोंद बहुतेक जण विसरतात. ग्लुकोज महाग पडते म्हणून साखर कारखान्याची मळी वापरावी, असे कोणीतरी हुशारीने सुचवेल. सूचना चांगली आहे, पण मळीवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण असते, हेही त्यानेच शोधून काढावे. २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमधून १०० लिटरच्या फर्मेंटरमध्ये (जिवाणू वाढवण्याच्या टाकीत) जाताना प्राणवायू पुरत नाही, फेस येतो, उष्णता साचते. यासाठी जवळच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या जैविक खतांच्या कारखान्याला भेट द्या आणि तेथील उत्पादन पाहणाऱ्या माणसाशी मुलांना तासभर बोलू द्या. सलग तीन बॅचेस सारख्या निघणे किती अवघड असते, हे त्यांच्याइतके चांगले आपण किंवा मी सांगू शकणार नाही.

व्याख्यानांसाठी पाहुणे बोलावताना पेटंट एजंट, परवान्यांची कामे करणारा सल्लागार आणि सनदी लेखापाल यांना प्राधान्य द्या. मोठ्या उद्योजकांच्या कथा सांगायच्या असतील, तर त्यांतला शिकण्याजोगा भाग निवडून सांगा. किरण मजुमदार-शॉ यांनी १९७८ मध्ये बेंगळुरूत बायोकॉन सुरू केली, तेव्हा पपईतून मिळणारे पपेन आणि माशांपासून मिळणारे आयसिंग्लास विकण्यापासून सुरुवात झाली. मानवी इन्सुलिन बाजारात आले २००४ मध्ये. मधल्या पंचवीस वर्षांत कंपनी विकता येण्याजोग्या वस्तूंवर उभी होती. शांता बायोटेक्निक्सचे वरप्रसाद रेड्डी इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते होते. त्यांच्या कंपनीने १९९७ मध्ये देशी बनावटीची हिपॅटायटिस-बी लस बाजारात आणली. त्यांना शास्त्रज्ञ शोधावे लागले, तसे आपल्या विद्यार्थ्यांना विकणारा आणि हिशेब ठेवणारा जोडीदार शोधावा लागेल. शक्य असेल, तर आपल्याच महाविद्यालयातील वाणिज्य शाखेची मुले प्रत्येक गटात घ्या. प्रशासनाची थोडी कटकट होईल, पण ती सोसण्यासारखी आहे.

गुणांकनाचा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी सांगतो, कारण विद्यार्थी गुणांच्या मागे जातात. सादरीकरणाला कमी गुण ठेवा. भेटींची वही तपासा: कोणाला भेटलो, त्यांचे शब्द काय होते, त्यामुळे आपले कोणते गृहीतक बदलले. एखाद्या गटाने पुराव्यानिशी ‘हे उत्पादन काढू नये’ असा निष्कर्ष मांडला, तर त्याला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. बावीस वर्षांच्या मुलाने तीन महिन्यांत हे ओळखणे, त्याने घरच्या पैशावर तीन वर्षे घालवून ओळखण्यापेक्षा कितीतरी चांगले, आणि वर्गातले बहुसंख्य जे नोकरीच करणार आहेत, त्यांना गुणवत्ता नियंत्रणात, परवाने विभागात किंवा विक्रीनंतरच्या सेवेत हीच सवय उपयोगी पडेल.

आता आपल्या विद्यार्थिनीविषयी आणि तिच्या वडिलांविषयी. वडिलांची काळजी रास्त आहे. त्या काळजीला विरोध समजू नका. जैविक कीडनाशकाच्या वाटेने जायचे, तर उत्पन्न सुरू व्हायला वर्षे लागू शकतात आणि त्या काळात घर कोणीतरी चालवावे लागते. तिने आज कंपनी नोंदवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण नोंदणीबरोबर लेखापरीक्षण आणि वार्षिक विवरणपत्रांचा खर्च सुरू होतो आणि हाती मात्र अजून चाळीस अंशांचा आलेखही नाही. एमएस्सी पूर्ण होईपर्यंत तिने टिकाऊपणा, प्रजातीची ओळख आणि दोन हंगामांतील मर्यादित चाचण्या यांची तयारी करावी. जैवतंत्रज्ञान उद्योगाला मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या बिरॅक या संस्थेची ई-युवा योजना विद्यापीठांतील केंद्रांमार्फत विद्यार्थ्यांना कल्पना तपासण्यासाठी पाठ्यवृत्ती देते. त्या योजनेची चौकशी आत्ताच करावी. बिरॅकचेच ‘बिग’ नावाचे अनुदान अठरा महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत मिळते. ते वर्षातून दोनदा जाहीर होते आणि त्यासाठी चुरस मोठी असते. आज अर्ज केला, तर नकाराची शक्यता अधिक. वर सांगितलेली माहिती हाती असेल, तर अर्ज भक्कम होईल. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील व्हेंचर सेंटर हे या अनुदानाचे भागीदार आहे. तिला घेऊन आपण स्वतः एकदा तिथे जाऊन या.

आणि पुण्यातील नोकरी तिने अवश्य धरावी, मात्र निवडून. जैविक खते किंवा कीडनाशके बनवणाऱ्या कंपनीच्या गुणवत्ता किंवा नोंदणी विभागात दोन वर्षे काढली, तर नोंदणीची फाइल कशी तयार होते, बॅच का नाकारली जाते आणि डीलर पैसे केव्हा देतो, हे पगार घेत शिकता येईल, आणि घरीही निश्चिंतता राहील. फक्त नेमणुकीच्या करारावर सही करण्यापूर्वी तिने शोधांविषयीचे कलम शब्दन् शब्द वाचावे. नोकरीच्या काळात केलेला प्रत्येक शोध कंपनीचा, असे त्यात सहसा लिहिलेले असते आणि स्पर्धक व्यवसाय न करण्याची अटही असू शकते. तिच्या प्रोव्हिजनल अर्जाची तारीख नेमणुकीच्या आधीची असावी, आणि ‘पूर्वीचे शोध’ म्हणून तो अर्ज करारात क्रमांकासह नोंदवून घ्यावा. मनुष्यबळ विभाग अशी नोंद करून द्यायला तयार नसेल, तर सही करण्याआधी तो करार वकिलाला दाखवावा.